गावंडे सर आणि चाळीस पायांची चिप

‘कंपॅटिबल’ हा शब्द कोणी माझ्यासमोर काढला की माझं डोकं फिरतं. मोबाइलच्या दुकानातलं पोरगं चार्जर पुढं करून म्हणतं, ‘ताई, कंपॅटिबल आहे, बिनधास्त घेऊन जा,’ आणि मी त्या बिचाऱ्याला असं काही सुनावते की शेजारची गिऱ्हाइकं वळून पाहतात. त्याचा काय दोष? या शब्दानं कोणाचं काय गेलं, ते त्याला कसं माहीत असणार?

मागच्या हिवाळ्यात अमरावतीला आमच्या तंत्रनिकेतनाचा सुवर्णमहोत्सव झाला. बोलावणं आलं म्हणून मी अकोल्याहून गेले. एका वर्गखोलीला रंग मारून तिचं ‘संगणक वारसा दालन’ केलं होतं. काचेच्या कपाटात आमच्या वेळचा मायक्रोप्रोसेसरचा किट ठेवला होता: एक हिरवी पाटी, तिच्यावर सोळा बटणांचा फळा आणि लाल आकडे उमटणाऱ्या सहा खिडक्या. खाली छापील चिठ्ठी होती. ‘८०८५ कंपॅटिबल प्रशिक्षण किट. तत्कालीन विभागप्रमुखांच्या दूरदृष्टीतून खरेदी.’ दूरदृष्टी म्हणे! आणि ते तत्कालीन विभागप्रमुख समोरच्या सभागृहात पहिल्या रांगेत सोफ्यावर बसलेले, खांद्यावर शाल.

त्याच कपाटात वरच्या फळीवर एक घरगुती कॉम्प्युटर होता. काळा, वहीएवढा, रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा. त्याखाली लिहिलं होतं, ‘दाता : अज्ञात.’

तिथं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो कॉम्प्युटर मारोतराव गावंडे या माणसानं स्वतःच्या हातानं, फडक्यात गुंडाळून, या कॉलेजला दिला होता. मी त्या वेळी तिथं उभी होते. मी दालनाच्या प्रमुख बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, रजिस्टरमध्ये नोंद सापडत नाही हो मॅडम. मी जेवणाला न थांबता निघाले. चिठ्ठ्यांचा मात्र मोबाइलवर फोटो काढून घेतला.

गावंडे सर हे खरं तर ‘सर’ नव्हते. ते प्रयोगशाळा सहायक होते. शिक्षण मॅट्रिक आणि पुढं आयटीआय, घर दर्यापूरकडचं, शेतकऱ्याचं. शिकवणारे लोक त्यांना ‘ए गावंडे’ म्हणायचे. आम्ही पोरं-पोरी सर म्हणायचो. एकदा विभागप्रमुखांनी, म्हणजे आमच्या भाषेत साहेबांनी, वर्गात येऊन आम्हाला बजावलं की तो सर नाही, सहायक आहे, शब्द नीट वापरा. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ‘सर’ दुप्पट मोठ्यानं म्हणायला लागलो. गावंडे सरांना त्याचं ना सुख ना दुःख.

उंचीला बेताचे, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. खिशात पेन कधी नसायचं. एक शिसपेन्सिल आणि एक खोडरबर. खोडरबर लिहिलेलं पुसायला नव्हता. किट बंद पडला की ते पाटीच्या कडेचे पितळी पट्टे त्या रबरानं घासायचे, फुंकर मारायचे आणि पुन्हा खोचायचे. दहातले सात किट एवढ्यावरच सुरू व्हायचे. घासता घासता चिपशी बोलायचे, घरच्या बैलाशी बोलावं तसं. ‘काहून रे, आता काय झालं तुले? काल तं बरा होता.’

चिप त्या काळी केवढी तरी मोठी, काळी, दोन्ही बाजूंना वीस-वीस पाय. साहेब शिकवताना ‘चाळीस पिनांचा’ म्हणून पुढं जायचे. गावंडे सर म्हणायचे की मोजून काय होते, ओळखा. मग कुठंही गाठून विचारायचे. व्हरांड्यात, राजापेठच्या चौकात, एकदा तर एका मैत्रिणीच्या लग्नात पंगतीत वाढताना: ‘८०८५ चा पाचवा पाय कायचा?’ उत्तर होतं, ऐकायचा. बाहेरून एकेक खूण आत घेणारी ती पिन. सर तिला चिपचा कान म्हणायचे. चूक उत्तर देणाऱ्याच्या पानात जिलबी पडली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या चिपला आपण सांगतो ते सगळं आकड्यांत, सोळाच्या हिशेबात. शून्य ते नऊ आणि पुढं ए ते एफ. आम्हाला ते काही केल्या जमेना. सरांनी एक दिवस उजवा हात वर केला आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजून दाखवली. तीन पेरं आणि वरचं टोक, एका बोटाचे चार. चार बोटांचे सोळा. आपल्या आज्या माळ नसली की जपाला असंच मोजायच्या. ‘देवानं हात सोळाचाच देल्ला हाय, मास्तर लोकायनं दहाचा केला,’ असं ते म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या वर्गात सगळे अंगठा फिरवत बसायचे. साहेबांना वाटायचं पोरं देवदेव करताहेत.

रविवारी दुपारी आम्ही चारपाच जण त्यांच्या घरी जायचो. गाडगेनगरात दोन खोल्या. आखातात नोकरीला असलेल्या मावसभावानं तो काळा कॉम्प्युटर त्यांना आणून दिला होता. घरातला एकुलता टीव्ही त्याला जोडला की काकू पदर खोचून स्वयंपाकघरात निघून जायच्या आणि संध्याकाळच्या सिनेमाच्या आत तो मोकळा झाला नाही तर तुम्हालाच बाहेर काढते, असं तिथून ऐकवायच्या. प्रोग्राम कॅसेटवर असायचा. टेपरेकॉर्डरमधून कर्कश किंचाळी निघायची, पाच-सहा मिनिटं चालायची, आणि शेवटी कधी प्रोग्राम चढायचा, कधी नाही. सर डोळे मिटून ती किंचाळी ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, गेला, पुन्हा लाव. टेपमधला खरखराट त्यांना कळायचा. आम्हाला सगळं सारखंच ऐकू यायचं.

त्या कॉम्प्युटरच्या पोटात झेड-८० नावाची चिप होती. कॉलेजच्या किटमध्ये ८०८५. दोघी एकाच घरातल्या म्हणा ना. आधी ८०८० होती. तिची सगळी भाषा या दोघींना येते, आणि वरून दोघींनी आपापले नवे शब्द घातले. सरांनी कुठून तरी ८०८० च्या एका प्रोग्रामची झेरॉक्स मिळवली होती, लहान मुलांना बेरजा घालणारा. आपल्या मुलीसाठी, माधुरीसाठी, त्यांनी तो आकडा आकडा करून झेड-८० वर चढवला. माधुरी तेव्हा तिसरीत असेल. तिनं सात आणि पाच बारा लिहिलं, टीव्हीवर आलं ‘चूक’. तिनं पुन्हा केलं. पुन्हा चूक. पोरगी रडायला लागली. तेव्हा आम्ही सगळे, इंजिनियर होऊ घातलेले, तिला म्हणालो की बाळा, नीट मोज. सर एकटे म्हणाले, ‘तू बरोबर हायेस. थांब, म्या पाह्यतो हे काहून चुकून राह्यलं.’

त्यांना ते सापडायला तीन रविवार लागले. बेरीज झाली की चिप आत एक खूण उमटवते. जुन्या ८०८० मध्ये ती खूण सम-विषम सांगायची. झेड-८० मध्ये तीच खूण बेरीज भांड्याबाहेर उतू गेली की काय, ते सांगते. खूण तीच, जागा तीच, अर्थ वेगळा. झेरॉक्समधला प्रोग्राम जुन्या अर्थानं विचारत होता. सरांनी त्या जागी चार आकडे बदलले आणि पोरीचं बारा बरोबर आलं. काकूंनी त्या दिवशी आम्हाला शेवेची भाजी खाऊ घातली.

हे एवढं सविस्तर सांगते आहे, कारण या दोन चिपांतला फरक अख्ख्या कॉलेजात कोणाला माहीत होता, तर या एका मॅट्रिक माणसाला. आणि सही त्याच्याचकडून घेतली गेली.

आमचं शेवटचं वर्ष होतं. मार्चची एकतीस तारीख. सरकारी कामात ही तारीख म्हणजे काय असते ते इकडच्या कोणालाही विचारा. वर्षभर फाइल झोपलेली असते आणि त्या दिवशी दुपारी तीनला तिला जाग येते. नव्या सहा किटांची खोकी टेम्पोतून उतरली. सोबत कागद: ‘माल तपासून घेतला, मागणीप्रमाणे बरोबर आहे.’ खाली प्रयोगशाळा सहायकाची सही लागते. सर म्हणाले, खोकी उघडतो, चालवून पाहतो, मग करतो. साहेब म्हणाले, वेळ नाही, पाचच्या आत कागद कोषागारात गेला नाही तर अनुदान परत जाईल. पुरवठादाराचा माणूस शेजारीच उभा होता. त्यानं माहितीपत्रक उघडून दाखवलं: झेड-८०, ८०८५ कंपॅटिबल. साहेबांनी त्यातला चिपचा फोटो पाहिला, पेनाच्या टोकानं एका बाजूचे पाय मोजले आणि म्हणाले, चाळीसच आहेत की.

मी तिथं माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीवर शिक्का मारून घ्यायला उभी होते. सरांनी खोक्यांकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. सगळीकडं असंच चालतं. आधी सही, मग खोकं. वीस-वीस वर्षं सगळे असेच करत आलेले. त्यांनी पेन मागून घेतलं आणि सही केली.

एक एप्रिलला त्यांनी खोकी उघडली आणि दोन तारखेला साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला. ८०८५ मध्ये ‘२०’ हा आकडा म्हणजे ‘पाचव्या पायावर काय ऐकू येतं ते विचार’. झेड-८० मध्ये त्याच २० चा अर्थ आहे ‘उडी मार’, आणि त्याच्या पुढचा आकडा म्हणजे उडी केवढी मारायची त्याचं माप. झेड-८० ला तो कान मुळी नाहीच. तिचा पाचवा पाय मेमरीतला पत्ता सांगायचा. ‘३०’ या आकड्याचंही तसंच, दोघींत अर्थ वेगळा. तेव्हा हे किट बदलून घ्यावेत, निदान परीक्षेला वापरू नयेत. अर्ज शिसपेन्सिलीनं लिहिला होता. साहेबांनी शाईनं लिहून आणायला सांगितलं. सरांनी शाईनं लिहून दिला. तो खणात गेला. मग सरांनी सहाही किटांना कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, ‘यावर २० आणि ३० चालत नाही’. परीक्षेच्या आदल्या दिवशी साहेबांनी शिपायाकडून त्या खरवडून काढल्या. बाहेरचे परीक्षक येणार, शोभा जाते म्हणे. जळो मेली ती शोभा!

प्रॅक्टिकलला चिठ्ठ्या उचलायच्या असतात. एका डब्यात प्रश्न, दुसऱ्यात टेबलाचा नंबर. माझ्या वाट्याला जुना किट आला. शेजारच्या टेबलावर शालू. ती भातकुलीची, घरी भाजीपाला, पहाटेच्या गाडीनं वडील कोथिंबीर-पालक घेऊन अमरावतीच्या बाजाराला यायचे आणि तीही त्याच गाडीत बसून कॉलेजला. वर्गात तिच्याइतका स्वच्छ प्रोग्राम कोणी लिहीत नसे. टेलिफोनच्या खात्यातलं नोकरीचं पत्र तिला आलेलं होतं. जूनमध्ये पदविका पास झाल्याचा कागद दाखवायचा आणि रुजू व्हायचं. त्यांच्या घरातली पहिली नोकरी. तिला नवा किट आला. आणि प्रश्न आला तो नेमका: पाचव्या पायावरची खूण वाचून दिवा लावा.

सबंध बारा जणांत ‘२०’ लागणारा प्रश्न तिचा एकटीचा.

तिनं कागदावर प्रोग्राम लिहिला, बटणं दाबून चढवला. सर फेरी मारताना तिच्या मागं थांबले. पहिलाच आकडा २०, त्यापुढं ई६. मी पाहिलं, सरांचा अंगठा पेरांवर फिरत होता. उडी सव्वीस घरं मागं, जिथं मेमरीच नाही तिथं. शालूनं ‘गो’ दाबलं. सहाही खिडक्यांत कचरा उमटला आणि किट गप्प झाला. तिनं रीसेट करून पुन्हा चढवला. पुन्हा तेच.

बाहेरचे परीक्षक आले. आउटपुट नाही म्हणाले, चूक आहे म्हणाले, आणि कागदावर रेघ ओढायला पेन उचललं. तेव्हा गावंडे सर मधे बोलले. प्रोग्राम बरोबर आहे, हा किट झेड-८० चा आहे, पोरीला जुना किट द्या, ती दोन मिनिटांत चालवून दाखवते. सहायकानं परीक्षेत तोंड उघडणं हाच गुन्हा. परीक्षकांनी साहेबांकडं पाहिलं. साहेब केबिनमध्ये गेले आणि तो एकतीस मार्चचा कागद घेऊन आले. तपासून घेतला, बरोबर आहे. खाली सही मा. गावंडे. साहेबांनी तो सगळ्यांना दिसेल असा धरला आणि विचारलं, ही सही कोणाची?

हॉलमध्ये बारा विद्यार्थी, दोन लेक्चरर, एक परीक्षक, एक शिपाई. सर म्हणाले, ‘सही माही हाय. न पाह्यता केली हाय. ते प्रमाणपत्र खोटं हाय, साहेब. पोरीचा प्रोग्राम खरा हाय.’

एवढं बोलायला काय लागतं ते मला आता कळतं, तीस वर्षं सरकारी नोकरी केल्यावर. स्वतःच्या हातानं स्वतःच्या गळ्यात फास घालणं ते. आणि उपयोग? शून्य. परीक्षकांनी रेघ ओढली. शालू नापास. ज्या माणसानं खोटं लिहून घेतलं तो साहेब. ज्यानं ते खोटं आहे असं सांगितलं तो गुन्हेगार. पंधरा दिवसांत सरांना खोटं प्रमाणपत्र दिल्याचा ठपका, वेतनवाढ बंद आणि अकोल्याला बदली, तीही स्टोअरमध्ये. जिथं चिप नाही, किट नाही, नुसते झाडू आणि खडूचे डबे. जायच्या दिवशी त्यांनी तो काळा कॉम्प्युटर फडक्यात गुंडाळून आणला आणि कॉलेजला देऊन टाकला. पोरं निदान झेड-८० कशी असते ते तरी पाहतील, असं म्हणाले. बारा जणांतली मी एकटी निरोप द्यायला गेले होते, त्याचं कौतुक मला नको. कारण हॉलमध्ये मी शेजारच्या टेबलावर होते, २० चा अर्थ मला पाठ होता, माझ्यापुढं जुना किट होता, आणि मी मूग गिळून बसले. माझे स्वतःचे मार्क जातील म्हणून.

शालूचे वडील, बाबाराव, निकालानंतर कॉलेजात आले होते. रिकामी टोपली हातात. साहेबांनी त्यांना दारातच सांगितलं की तुमच्या मुलीची कुवत नाही, उगाच पैसा घालवू नका. ते मान हलवत निघून गेले. साहेबासारखा माणूस सांगतो म्हणजे खरंच असणार. हिवाळ्यात फेरपरीक्षा होती, पण शालू बसली नाही. माझं बरोबर होतं तर मी पुन्हा कशाला बसू, एवढंच तिचं म्हणणं. तोवर नोकरीचं पत्रही मुदत संपून रद्दी झालं होतं. पुढं तिचं लग्न झालं, सासरही भातकुलीतच, काम तेच, भाजीचं.

मी योगायोगानं अकोल्यालाच आयटीआयत शिकवायला लागले. सर भेटत राहिले. निवृत्तीनंतर काकू गेल्या, माधुरी पुण्याला, सर एकटे जठारपेठेत एका खोलीत. स्वभाव तोच. भाजीवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा बिघडला की तिथंच रस्त्यावर मांडी घालून खोडरबरानं घासायला बसायचे. माझ्या आयटीआयच्या पोरांना बोलावून पाय विचारायचे. जुन्या गोष्टींबद्दल मात्र चकार शब्द नाही. मला वाटायचं, विसरले. चांगलंच झालं.

सुवर्णमहोत्सवाहून परत आल्यावर मी तणतणत त्यांच्याकडं गेले आणि मोबाइलवर त्या चिठ्ठ्या दाखवल्या. दूरदृष्टी, अज्ञात, सगळं. मला वाटलं आता तरी हा माणूस चिडेल. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचल्या. ‘अज्ञात’वर काही बोलले नाहीत. ‘कंपॅटिबल’वर बोट ठेवून म्हणाले, हे अजून तसंच लिहून राह्यले काय? मग उठले आणि पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात कागद होते. परीक्षा मंडळाला दर वर्षी एक अर्ज. स्वतःच्या ठपक्याबद्दल एकातही अक्षर नाही. सगळे शालूच्या निकालाबद्दल. प्रत्येकाला जोडलेला तिचा प्रोग्राम, आकडा न् आकडा, आणि बाजूला दोन रकाने: ८०८५ काय समजते, झेड-८० काय समजते.

पस्तीसेक अर्ज. आणि उत्तर एकच आलेलं, गेल्या दिवाळीच्या आधी. त्या काळचं रेकॉर्ड नष्ट करण्यात आलं आहे. शिवाय आपण परीक्षार्थी नसल्यानं आपल्याला अर्ज करण्याचा अधिकार नाही. परीक्षार्थीनं स्वतः अर्ज करावा.

मी अशी भडकले की विचारू नका. नष्ट केलेल्या रेकॉर्डसाठी तिनं अर्ज करायचा! आणि हे सांगायला यांना पस्तीस वर्षं लागली! मी म्हटलं, आपण पेपरात देऊ, कोर्टात जाऊ, त्या साहेबाच्या घरासमोर उभं राहू. सर म्हणाले, ते राहू दे. मग बराच वेळ पेटीच्या कडीशी चाळा करत बसले. शेवटी म्हणाले, ‘मंदा, मले भातकुलीले घेऊन चाल. मी त्या पोरीच्या घरी कधी गेलोच नाही. लाज वाटे.’

पुढच्या रविवारी मी त्यांना गाडीतून घेऊन गेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाह्या त्या दिवशी मनगटापर्यंत खाली.

शालू अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. केस पांढरे, बोटं हिरवी. सरांना तिनं लगेच ओळखलं. मला ओळखलं की नाही ते मला कळलं नाही. बस म्हणाली एवढंच. सुनेला पाणी आणायला सांगितलं. सरांनी पेटीतला गठ्ठा तिच्यापुढं ठेवला आणि मंडळाचं उत्तर दाखवून सांगितलं की तुझी सही लागते. तिनं वरचा कागद वाचला. मग दुसरा. आपला प्रोग्राम तिला पाठ होता असं दिसलं, कारण ओळीवर बोट न ठेवता ओठ हलत होते. वाचून झाल्यावर कागद नीट जुळवले आणि परत दिले. मला आता त्यांचा कागद नको सर, म्हणाली. त्यांच्याकडून तर मुळीच नको. तुम्हाला काही करायचंच असेल तर एक करा. माझ्या बाबांना सांगा. तेवढं राहून गेलं आहे. मी पुष्कळदा सांगितलं, पण त्यांना वाटतं पोरगी मनाला समजावते.

बाबाराव आता नव्वदीला आले आहेत. मुलगा नागपूरला, म्हणून शालूनंच त्यांना आपल्याकडं आणून ठेवलं आहे. ओसरीवर बाजेवर बसलेले, गुडघ्यावर घोंगडी. कानानं फार कमी ऐकू येतं. शालू त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाली, कॉलेजचे गावंडे सर आले आहेत. म्हाताऱ्यानं हात जोडले. कॉलेजचा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी अजून मोठा माणूस.

सर बाजेजवळ गेले आणि वाकून, त्यांच्या कानाजवळ, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले. ‘बाबा, तुमची पोरगी नापास नोती. पोरीचं सारं बरोबर होतं. मशीन चुकीचं होतं.’

बाबारावांना एकदा सांगून कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं. त्यांनी शालूकडं पाहिलं, मग सरांकडं. सून हातात तांब्या घेऊन दारातच थांबली होती. शेजारच्या घरातली बाई कुंपणापाशी आली. म्हातारा बराच वेळ तोंडातल्या तोंडात काही जुळवत होता, आणि मग अगदी साध्या आवाजात, राग नाही, काही नाही, त्यानं विचारलं.

‘मंग तिले नोकरीवर काहून नाही घेतलं?’

मी वाट पाहत होते की सर सांगतील. एकतीस मार्च, साहेब, पुरवठादार, परीक्षक, मंडळ. मी सांगितलं असतं, सगळ्यांची नावं घेऊन, शिव्या देऊन. सर पुन्हा वाकले.

‘माह्यापायी,’ ते म्हणाले. ‘माह्यापायी नाही घेतलं, बाबा.’

खोटं होतं ते. दोष पुष्कळांचा होता, त्यात मीही होते, आणि मी पुन्हा एकदा गप्प उभी होते. बाबारावांनी मान हलवली आणि बाजेवर थोडं सरकून, शेजारच्या जागेवर हात थोपटत सरांना बसायला सांगितलं. सर बसले नाहीत. शालूनं खुर्ची आणली, तिच्यावरही बसले नाहीत. सुनेनं चहा दिला तो त्यांनी उभ्यानंच घेतला, हात जोडता येईनात म्हणून कपबशी छातीशी धरून. फेब्रुवारीत ते गेले, आणि त्यानंतर कोणी त्यांच्याबद्दल विचारलं की मला तेवढंच आठवतं. आम्ही निघेपर्यंत ते त्या बाजेसमोर उभेच होते.